तांबडा कंदील आणि बंद दार

मद्यपानाच्या जागांसंबंधीं रेडिओवर बोलावयाचें म्हणजे आरंभींच थोडा खुलासा केलेला बरा. मी स्वतः मद्य घेत नाहीं, आणि इतरांनीं तें घ्यावें असें सुचविण्याकरितां हें भाषण नाहीं. परंतु टोकियो शहराची ओळख तेथील देवळें, राजवाड्याचा खंदक आणि मोठमोठीं दुकानें पाहून पुरी होत नाहीं. तेथील माणूस दिवसभर कचेरींत जें बोलत नाहीं, तें तो संध्याकाळीं एका छोट्याशा दुकानांत बसून बोलतो. त्या दुकानाला इझाकाया म्हणतात. रात्र चढल्यावर तो कधीं कधीं दुसऱ्या एका जागीं जातो, आणि त्या जागेचें दार शोधूनही सांपडत नाहीं. या दोन जागा कशा निर्माण झाल्या, तेथें कसें वागतात, आणि परक्या माणसानें तेथें काय ध्यानांत ठेवावें, तें आज सांगावयाचें आहे.

प्रथम नांवाकडे पाहूं. ‘इ’ म्हणजे असणें, बसणें. ‘झाका’ हें ‘साके’ म्हणजे मद्य या शब्दाचें समासांतील रूप. आणि ‘या’ म्हणजे दुकान. बसून पिण्याचें दुकान, इतकाच याचा अर्थ. टोकियोचें जुनें नांव एदो. त्या काळीं मद्याचे व्यापारी आपला माल मापानें विकीत आणि गिऱ्हाईक तो भांड्यांतून घरीं नेई. पुढें कांहीं गिऱ्हाइकें दुकानांतच बसून पिऊं लागलीं. पिणाऱ्याला तोंडीं लावावयास कांहींतरी लागतें, हें दुकानदारांनीं लवकरच ओळखलें. तोशिमाया ही १५९६ पासून चालत आलेली पेढी मद्याबरोबर मिसो लावून भाजलेले तोफूचे तुकडे विकूनच नांवारूपास आली, असें सांगतात.

ही रीत एदोंतच इतकी फोफावली, याला सबळ कारण होतें. १६३५ पासून जपानच्या सरदारांवर एक वर्ष आपल्या मुलखांत व एक वर्ष एदोंत राहण्याचें बंधन आलें. प्रत्येक सरदाराबरोबर शेंकडों शिपाई व कारकून येत, आणि त्यांच्या बायका गांवींच राहत. सुतार, गवंडी, हमाल हेही खेड्यांतून एकटेच येत. अठराव्या शतकांत एदोची वस्ती दहा लाखांवर गेली. तींत पुरुष फार आणि संसार थोडे. लांकडी घरांच्या त्या शहराला आगीची धास्ती नेहमींची. एकट्या माणसानें दहा हातांच्या खोलींत चूल पेटविण्यापेक्षां बाहेर जेवणें सोयीचें होतें. १८११ सालच्या गणतींत एदोमध्यें अशीं १,८०८ दुकानें भरलीं. मुंबईच्या गिरणगांवांतील खाणावळींचा इतिहास ज्यांना ठाऊक आहे, त्यांना यांत नवल वाटणार नाहीं. कोंकणांतून व घांटावरून आलेला एकटा गडी आणि एदोंतला एकटा शिपाई यांची भूक एकाच जातीची होती. फरक इतकाच, कीं खाणावळींत माणूस जेवून उठतो, आणि इझाकायांत तो बसून राहतो.

आतां आंत शिरूं. संध्याकाळीं सहाच्या सुमारास टोकियोच्या कोणत्याही गजबजलेल्या स्टेशनाबाहेर उभें राहिलें म्हणजे गल्लीच्या तोंडाशीं तांबडे कंदील लागलेले दिसतात. दारावर नोरेन नांवाचा आंखूड कापडी पडदा लोंबत असतो. तो बाहेर टांगलेला असला कीं दुकान उघडें. आंत घेतला कीं बंद. पडदा हातानें सारून आंत पाऊल टाकतांच सारे नोकर मोठ्यानें ‘इराश्शाइमासे’ म्हणून स्वागत करतात. त्याला उत्तर द्यावयाचें नसतें. आपण किती जण आहों तें बोटांनीं दाखवावें, म्हणजे झालें.

बसल्याबरोबर हात पुसावयास ओला रुमाल येतो. थंडींत बहुधा कढत, उन्हाळ्यांत गार. त्यापाठोपाठ न मागतां एक लहानशी वाटी पुढें येते. तींत शिजविलेली भाजी, एखादें लोणचें किंवा मासळीचा तुकडा असतो. माझ्या पहिल्याच खेपेस मी ही वाटी, ‘मागविली नाहीं’ असें खुणेनें सांगून, दोनदां परत केली. वाढणारी बाई दोन्ही वेळां हंसून ती पुन्हां ठेवून गेली. शेजारच्या वृद्ध गृहस्थांनीं अखेर मला समजावून दिलें, कीं हिला ‘ओतोशी’ म्हणतात, व हिचे तीनशें ते पांचशें येन म्हणजे बसण्याच्या जागेचें मोल आहे. मला आधीं ती लबाडी वाटली होती. पुढें लक्षांत आलें, कीं त्या वाटीच्या मोबदल्यांत मला दोन तास निश्चिंतपणें बसावयास मिळालें, आणि निघतांना बक्षिसी म्हणून एक पैही द्यावी लागली नाहीं. जपानांत बक्षिसीची चालच नाहीं. ठेवलेले पैसे विसरले असें समजून नोकर ते परत द्यावयास रस्त्यापर्यंत धांवत येतो.

पदार्थ एकदम मागवावयाचे नसतात. दोन-तीन मागवावे, ते मध्यें ठेवून सर्वांनीं थोडे थोडे घ्यावे, मग पुन्हां मागवावे. मीठ लावून उकडलेल्या कोंवळ्या सोयाबीनच्या शेंगा, किसलेलें आलें घातलेला थंड तोफू, कोळशावर भाजलेल्या कोंबडीच्या काड्या, कच्च्या मासळीचे काप, तळलेली कोंबडी, मिसो लावून भाजलेलें वांगें, हे नेहमींचे प्रकार. भात शेवटीं येतो, कारण तांदळाच्या मद्याबरोबर पुन्हां तांदूळ कशाला, असा जुना विचार आहे. निघण्यापूर्वीं भाताचा मुटका किंवा चहा ओतलेला भात घेऊन पोट शांत करतात. शाकाहारी श्रोत्यांना मात्र एक गोष्ट सांगितली पाहिजे. पदार्थांत मासळीचा तुकडा दिसला नाहीं म्हणून तो शाकाहारी ठरत नाहीं. जपानी स्वयंपाकांतील बहुतेक रसांचा पाया ‘दाशी’ नांवाचें पाणी असतें, आणि तें बहुधा बोनितो मासा वाळवून केलेल्या किसाचें असतें. म्हणून शेंगा, साधा भात, लोणचें यांवर भिस्त ठेवावी, आणि विचारल्यावांचून पुढें जाऊं नये.

साके हें तांदूळ, पाणी आणि कोजी नांवाची बुरशी यांपासून होतें. बुरशी तांदळांतील पिठाची साखर करते व त्याच पिंपांत यीस्ट त्या साखरेचें मद्य करतें. दोन्ही क्रिया एकाच वेळीं चालतात, हें त्याचें वैशिष्ट्य. त्यांत मद्यार्क शेंकडा पंधरा-सोळा असतो. तें गार घेतात, तसेंच चिनीमातीच्या सुरईंत गरम करूनही घेतात. येथें एक नाजूक रीत आहे: आपल्या पेल्यांत आपण ओतून घ्यावयाचें नाहीं. आपण शेजाऱ्याचा पेला भरावा, शेजाऱ्यानें आपला. यामुळें दुसऱ्याच्या पेल्याकडे लक्ष ठेवणें हें शिष्टाचाराचें अंग होतें. न पिणाऱ्यानें ऊलांग चहा मागवावा. त्याचीही हीच बडदास्त ठेवतात. कायद्यानें वीस वर्षांखालील माणसाला मद्य वर्ज्य आहे. २०२२ मध्यें सज्ञानतेचें वय अठरावर आणलें, तरी ही मर्यादा वीसवरच राहिली.

या रीतींत एक गुण आहे आणि एक दोषही. जपानी भाषेंत ‘बुरेइको’ असा शब्द आहे. पायरी बाजूला ठेवून केलेली बैठक, असा त्याचा अर्थ. कचेरींत साहेबापुढें मान खालीं घालणारा कारकून येथें मनांतलें बोलूं शकतो, आणि दुसऱ्या दिवशीं कोणीही त्याचा उच्चार करीत नाहीं. हा गुण. परंतु साहेबानें बोलाविलें म्हणजे ‘नाहीं’ म्हणावयाची सोय नाहीं, भरलेला पेला रिकामा केला नाहीं तर मनाचा मोठेपणा नाहीं, अशी सक्तीही याच बैठकींतून वाढली. जपानांत पुष्कळ लोकांच्या शरीरांत मद्य पचविणारें एक द्रव्य जन्मतःच दुर्बळ असतें. दोन घोटांत त्यांचा चेहरा लाल होतो व छाती धडधडूं लागते. अशांवर केलेल्या आग्रहाला आतां छळ हेंच नांव मिळालें आहे, आणि तरुण पिढी कचेरीच्या बैठकींना उघड नकार देऊं लागली आहे. पाहुणचार कोठें संपतो आणि जुलूम कोठें सुरू होतो, हा प्रश्न आग्रहानें जेवूं घालणाऱ्या आपल्या समाजालाही परका नाहीं.

आतां दुसऱ्या जागेकडे वळूं. निरनिराळीं मद्यें, फळांचे रस व कडू अर्क मिसळून केलेलें कॉकटेल हें पेय जपानांत बंदरावाटे आलें. १८९० च्या सुमारास योकोहामाच्या ग्रँड हॉटेलांत लुई एपिंगर हा व्यवस्थापक आला. शेरी व व्हर्मूथ यांचें ‘बांबू’ नांवाचें मिश्रण त्याच्या नांवावर आहे. तें हॉटेल १९२३ च्या भूकंपांत नष्ट झालें, पण विद्या टोकियोच्या गिंझा भागांत रुजली. तेथें १९२८ सालीं ‘लुपां’ नांवाचा बार एका बोळांतील तळघरांत उघडला. तो अद्याप चालू आहे. दाझाइ ओसामु, साकागुची आंगो यांसारखे लेखक तेथें बसत. उंच तिवईवर पाय वर घेऊन बसलेल्या दाझाइचें हायाशी तादाहिको यांनीं १९४६ मध्यें घेतलेलें छायाचित्र जपानांत घरोघरीं ठाऊक आहे.

असे बार लपलेले कां? अमेरिकेंत १९२० ते १९३३ पर्यंत दारूबंदी होती, तेव्हां चोरून चालणारे अड्डे निघाले. त्यांना पोलिसांचें भय होतें. मुंबईच्या ‘परमिट रूम’ या नांवांतही १९४९ च्या दारूबंदी कायद्याची आठवण शिल्लक आहे. टोकियोंत असें भय नव्हतें. कारणें निराळीं होतीं. पहिलें भाड्याचें. रस्त्यालगतची जागा अतिशय महाग, म्हणून आठ-दहा खुर्च्यांचा धंदा तळघरांत किंवा सातव्या-आठव्या मजल्यावर जातो. दुसरें पत्त्याचें. टोकियोंतील बहुतेक रस्त्यांना नांवेंच नाहींत. पत्ता विभागाच्या आणि इमारतीच्या आंकड्यांनीं सांगतात, त्यामुळें उघडें दुकानही चुकतें. तिसरें, आणि माझ्या मतें खरें, कारण माणसांचें. मालक एकटा, खुर्च्या मोजक्या. ओळखीच्या माणसानें ओळखीचा आणावा, इतकीच गर्दी त्याला हवी असते.

आंतील काम पाहण्यासारखें असतें. बर्फ मंदगतीनें गोठवून काचेसारखा पारदर्शक केलेला असतो. बारटेंडर त्याच्या लादीचा तुकडा सुरीनें तासून गोळा करतो. गोळ्याचा पृष्ठभाग आकारमानाच्या मानानें कमी, म्हणून तो सावकाश वितळतो व पेय पातळ होत नाहीं. निशी-शिंजुकु भागांत नवव्या मजल्यावर ‘बेनफिडिक’ नांवाचा बार आहे. त्याचा मालक आपल्या शेतांतील वनस्पती खलांत कुटून पेयांत घालतो. एखाद्या वैद्यबुवांच्या घरीं बसल्याचा भास होतो.

यांतील गंमत अशी, कीं ही विद्या फिरून अमेरिकेंत गेली. न्यूयॉर्कमध्यें गेल्या शतकाच्या अखेरच्या दशकांत एका इझाकायाच्या आंतल्या दारामागें ‘एंजल्स शेअर’ नांवाचा जपानी धर्तीचा बार निघाला. चारांपेक्षां जास्त मंडळींनीं येऊं नये, उभ्यानें पिऊं नये, ओरडूं नये, असे त्याचे नियम होते. तो पाहून साशा पेत्रास्के यानें १९९९ च्या अखेरच्या रात्रीं ‘मिल्क अँड हनी’ उघडला, आणि जगभर लपलेल्या बारांची टूम निघाली. पोलिसांच्या भीतीनें लपलेली जागा आणि शांततेसाठीं लपलेली जागा यांचें दारावरून एकच रूप दिसतें. आंत गेल्यावर मात्र भेद कळतो.

हा भेद मला शिंजुकुच्या गोल्डन गाइ वस्तींत कळला. युद्धानंतरच्या काळ्या बाजारांतून उरलेल्या सहा अरुंद गल्ल्यांत तेथें दोनशेंहून अधिक चिमुकले बार आहेत. एका दारांतून मला नम्रपणें परत पाठविलें. मला राग आला. परकेपणाचा अपमान वाटला. मग दार लागण्यापूर्वीं आंत दृष्टि गेली. सहा खुर्च्या होत्या. पांचांवर पिकल्या केसांचीं माणसें बसलीं होतीं, आणि सहावीवर कोणाचा तरी कोट ठेवलेला होता. तो येणाराच होता. मी बसलों असतों, तर त्यानें कोठें जावें?

२०२० व २०२१ सालीं साथीच्या काळांत मद्य देणाऱ्या दुकानांना लवकर बंद करण्यास, आणि कांहीं काळ मद्य न देण्यास, सांगण्यांत आलें होतें. तेव्हां पुष्कळ नोरेन आंत गेले ते पुन्हां बाहेर आलेच नाहींत. आतां प्रवाशांची गर्दी लोटली आहे. पैसा येतो, पण छायाचित्र घेऊन एका पेल्यावर तासभर जागा अडविणारा पाहुणा नेहमींच्या माणसाला बाहेर ठेवतो. म्हणून जाणाऱ्यानें दोघांहून अधिक मिळून जाऊं नये, विचारल्याशिवाय छायाचित्र घेऊं नये, बोलणें हळू ठेवावें, आणि गर्दी दिसतांच उठावें. मोठ्या शहरांत एकट्या माणसाला आपलें नांव ठाऊक असलेली एक खुर्ची लागते. ती त्याच्यासाठीं मोकळी ठेवून आपण निघालों, तर पुढच्या खेपेस तोच आपल्याला आंत घेऊन जाईल.