मॉनिटर कोण?

डोंबिवलीच्या शाळेत मी २२ वर्षं गणित शिकवतेय. दर जूनला मॉनिटर निवडताना माझी नजर आपसूक सगळ्यात खणखणीत आवाजाच्या मुलाकडे जायची. पुढारी म्हणजे बोलका, हे मनात अगदी पक्कं बसलेलं.

त्याला पहिला तडा गेला डिसेंबर २०२० मध्ये, आमच्या डोंबिवलीत वाढलेल्या, शांत स्वभावाच्या क्रिकेटपटू अजिंक्य रहाणेमुळे. अ‍ॅडलेडला भारताचा डाव ३६ धावांत आटोपला होता, कर्णधार कोहली पहिल्या बाळाच्या जन्मासाठी मायदेशी निघाला होता, आणि कप्तानी रहाणेकडे आली होती. मेलबर्नला रहाणेनं शतक केलं आणि ११२ वर असताना जडेजाच्या अर्धशतकाची धाव घेताना तो धावबाद झाला. अशा वेळी फलंदाज जोडीदारावर कसा डाफरतो, ते आपण गल्लीतल्या सामन्यातही बघतो. हा जडेजाजवळ गेला, त्याला धीर दिला, मग तंबूकडे वळला. ते दृश्य मी किती वेळा पाहिलं असेल! मालिका आपण २-१ अशी जिंकली.

म्हणून कोहलीचा आवेश पोकळ ठरत नाही. परदेशात वीस बळी घेणारा वेगवान मारा त्याच्याच कप्तानीत उभा राहिला.

अशा दोन स्वभावांना आपण ‘अंतर्मुख’ आणि ‘बहिर्मुख’ म्हणतो. या संज्ञा रुजवल्या मानसशास्त्रज्ञ कार्ल युंग यांनी, १९२१च्या ग्रंथातून. मनाची ओढ आत की बाहेर, एवढाच त्यांचा अर्थ. अंतर्मुखतेचा भित्रेपणाशी संबंध आपण जोडला. मानसशास्त्रज्ञ अ‍ॅडम ग्रँट आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या पिझ्झाच्या दुकानांचा अभ्यास २०११ मध्ये मांडला. कामगार सांगितलं तेवढंच करणारे असले, तर बोलक्या व्यवस्थापकाच्या दुकानात नफा जास्त. ते स्वतःहून सुधारणा सुचवणारे असले, की अबोल व्यवस्थापक सरस. मला हे लगेच पटलं. ऐकणारा असेल तरच माणसं सुचवत राहतात.

२०२३च्या जूनमध्ये मी सातवीत कधीच हात वर न करणारी मुलगी मॉनिटर नेमली. पहिल्या दिवशी वर्गात नुसता कल्ला. तिनं डस्टर आपटला नाही. फळ्यावर पुढचं गणित लिहिलं आणि बाकाबाकाशी जाऊन वह्या बघत फिरली. तिसऱ्या आठवड्यात ती स्टाफरूमच्या दाराशी उभी. “बाई, शेवटच्या बाकावरचा तो आहे ना, शेजारच्याच्या वहीतून उतरवतो. त्याला फळ्यावरचं दिसत नसेल.”

दिवाळीच्या आधी त्याला चष्मा लागला. सहावीतही तो माझ्याच हाताखाली होता. वर्षभर मी त्याला आळशी म्हणत आले होते.