एम-स्पाइक: प्रथिनांच्या आलेखावरचा सुळका

1844 साली लंडनचा किराणा व्यापारी थॉमस मॅकबीन सुट्टीवर असताना एका भुयारातून उडी मारून वर आला आणि छातीत काहीतरी तुटल्यासारखं कळवळला. पुढचं वर्षभर जळवा, रक्त काढणं, पट्ट्या, क्विनाइन सगळं झालं. डॉ. मॅकिन्टायर यांनी त्याची लघवी तपासली तेव्हा त्यात विचित्र पदार्थ सापडला. आम्ल घालून तापवलं की तो विरघळे आणि निवलं की पुन्हा थिजे. नमुना रसायनतज्ज्ञ हेन्री बेन्स जोन्स यांच्याकडे गेला आणि नावही त्यांचंच लागलं. मॅकिन्टायर यांच्यावर हा अन्यायच! 1 जानेवारी 1846 ला मॅकबीन गेला. शवविच्छेदनात त्याच्या बरगड्या हाताने मोडत होत्या.

हा पदार्थ काय, हे 1962 मध्ये एडेलमन आणि गॅली यांनी दाखवलं: प्रतिपिंडाचा सुटा तुकडा, म्हणजे लाइट चेन. हाडांच्या मगजातल्या प्लाझ्मा पेशी प्रतिपिंडं बनवतात. एरवी त्यांची असंख्य कुळं असतात. मॅकबीनला झालेल्या मल्टिपल मायलोमा या कर्करोगात एकच कूळ बेसुमार वाढतं आणि एकाच साच्याचं प्रथिन रक्तात ओतत राहतं. रक्तातली प्रथिनं वेगळी करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस चाचणीच्या आलेखावर जिथे सपाट पठार दिसायचं, तिथे लिंगाण्यासारखा सुळका उभा राहतो. तोच एम-स्पाइक.

या बेसुमार वाढलेल्या प्लाझ्मा पेशींच्या चिथावणीने हाड झिजवणाऱ्या पेशी चेकाळतात, कॅल्शियम रक्तात उतरतं, लाइट चेन किडनीत अडकतात, हिमोग्लोबिन घसरतं. रुग्ण बहुधा साठीच्या पुढचा. पाठ दुखते म्हटल्यावर घरचे म्हणतात, ‘वय झालं’. कोणी ‘मणक्यात गॅप’ सांगतं. मग पेनकिलर सुरू होतात आणि आधीच अडचणीत आलेल्या किडनीवर आणखी घाव बसतो. मला यातली सर्वांत चीड आणणारी गोष्ट ही, की खूण पुष्कळदा घरातल्या फाइलीतच असते: एकूण प्रथिनं जास्त, अल्ब्युमिन मात्र बेताचंच, शिवाय ईएसआर चढलेला. लघवीच्या साध्या पट्टीवर विसंबू नये, कारण ती मुख्यतः अल्ब्युमिन पकडते, लाइट चेन तिच्या हातून निसटतात. नेहमीचा बोन स्कॅनही फसवतो. तो नवं हाड घडताना उजळतो, इथे तर हाड नुसतं पोखरलं जातं.

सुळका दिसला म्हणजे कर्करोगच, असं मात्र नाही. पन्नाशीपुढच्या साधारण 3 टक्के लोकांत तो लहानसा असतो. रॉबर्ट काइल यांनी 1978 मध्ये या अवस्थेला एमजीयूएस हे नाव दिलं. त्यातले वर्षाला सुमारे 1 टक्का लोक पुढे मायलोमाकडे किंवा तत्सम आजाराकडे सरकतात, म्हणून त्यावर औषध न देता नजर ठेवतात. अमायलॉइडोसिस हा यांचा कपटी भाऊबंद. त्यात गाठ नाही, हाडही शाबूत, पण चुकीच्या घडीच्या लाइट चेन हृदयात, किडनीत, कधी जिभेतही साचतात. पाय सुजलेला, धाप लागलेला असा रुग्ण वर्षभर वेगवेगळ्या तज्ज्ञांकडे हिंडतो.

उपचारांत मोठी कलाटणी दिली ती थॅलिडोमाइडने. गर्भातल्या बाळांना व्यंग आणल्यामुळे 1961 मध्ये बाजारातून हटवलेलं तेच औषध. 1999 मध्ये अर्कान्सासच्या डॉक्टरांनी उपाय थकलेल्या 84 रुग्णांना ते दिलं आणि जवळपास एक तृतीयांश रुग्णांत सुळका खाली आला. पुढे बोर्टेझोमिब आणि लेनालिडोमाइड आलं, नंतर डाराटुमुमॅब. पहिल्या दोघांची भारतात बनलेली स्वस्त रूपं मिळतात. प्रकृती झेपणारी असेल तर रुग्णाच्याच मूळपेशी काढून ठेवतात, जबर केमो देतात आणि त्या परत चढवतात. आजार बहुतेकदा उलटतो, मग औषधांची जोडी बदलतात. अशी वर्षांमागून वर्षं काढणारे रुग्ण आता दुर्मीळ राहिलेले नाहीत.