थांबा, गाडी स्टेशनात आहे!

माझा धाकटा २ वर्षांचा झाला तेव्हा त्याला मोजून ७ शब्द येत होते. आई, बाबा, ताई, दूदू, भू, नको आणि ‘गागी’. गागी म्हणजे गाडी. त्याची ताई दीड वर्षाची असल्यापासून पोपटासारखी बोलायची, त्यामुळे याचं गप्प राहणं जास्तच जाणवायचं. त्यातून मी बालवाडीत अर्धवेळ शिकवते. लोकांच्या पंचवीस मुलांना बोलतं करायचं आणि आपलं पोर मात्र मुकं! “अजून बोलत नाही का?” असं कुणी सहज विचारलं, तरी मला ते टोचायचं. सासूबाई धीर द्यायच्या, “अगं, ह्याचा बाप तरी कुठं लवकर बोलला?” आणि वेखंड उगाळून त्याच्या जिभेला लावायच्या. मी ‘बरं’ म्हणायची. पण रात्री झोप येत नसे.

शेवटी डॉक्टरांकडे गेलो. त्यांनी आधी कानांची तपासणी करून घ्यायला सांगितली. कान चांगले निघाले. सांगितलेलं त्याला कळत होतं, हवी ती वस्तू तो बोटानं दाखवत होता. मग डॉक्टर म्हणाले, “तुम्ही त्याच्याशी खेळा बघू थोडा वेळ.” मी चेंडू उचलला. “हे काय आहे? सांग ना राजा, हे काय? चेंडू! म्हण, चें-डू!” दोन मिनिटं झाल्यावर डॉक्टर हसून म्हणाले, “बाई, प्रश्न तुम्हीच विचारता, उत्तरही तुम्हीच देता. मग त्याची पाळी कधी यायची?”

मैत्रिणींनो, त्या एका वाक्यानं माझे डोळे उघडले. खेळ म्हणता म्हणता मी त्याची परीक्षाच घेत होते!

गाडीच का?

आम्ही कर्जतला राहतो. पुण्याकडे जाणाऱ्या पुष्कळ गाड्यांना इथं मागून जादा इंजिनं लावतात, कारण पुढं बोरघाट आहे. १८६३ साली सुरू झालेला हा रस्ता काही ठिकाणी दर ३७ फुटांना १ फूट चढतो. एकट्या इंजिनाला ते ओझं जड जातं. संध्याकाळी मी धाकट्याला घेऊन पुलावर जाऊ लागले. इंजिन हळूहळू मागं सरकत यायचं, ‘खाड्’ असा आवाज करून डब्याला भिडायचं, आणि गाडी थांबलेलीच असायची. तो श्वास रोखून बघायचा. मीही गप्प राहायची. गाडी हलली की म्हणायची, “ढकललं! इंजिनानं ढकललं!”

आठवडाभर रोज हेच. मग एके दिवशी स्वयंपाकघरात त्यानं डाळीचा डबा दोन्ही हातांनी सरकवला आणि म्हणाला, “धक!” आठवा शब्द. माझ्या हातातली पोळी तव्यावर करपली, पण त्या दिवशी मला तिचं काही वाटलं नाही.

तेव्हा लक्षात आलं की गाडीच्या खेळात शब्दांची खाणच आहे. आपण मुलांना नुसती वस्तूंची नावं शिकवतो. वाक्य जोडायला क्रियापदं लागतात आणि ती गाडीत भरपूर सापडतात: चढ, उतर, थांब, ओढ, ढकल, जोड, सुटली. शिवाय पुढे-मागे, आत-बाहेर, रिकामा-भरलेला, लांब-आखूड. आणि एक गंमत बघा. तो डबा, ती गाडी, ते इंजिन! मराठीची तिन्ही लिंगं एकाच खेळण्यात येतात. व्याकरण शिकवायला नको, कानावर पडत राहिलं की पुरे.

खोक्यांची गाडी

गाडी विकत आणायची गरज नाही. ताराबाई मोडकांनी १९४५ साली बोर्डीला बालशिक्षणाचं काम सुरू केलं, तेव्हा पानं, बिया, शिंपले अशा हाताशी असलेल्या वस्तूंतूनच मुलांची साधनं केली होती. आपल्या घरात तर रिकामी खोकी ढिगानं असतात.

साहित्य: टूथपेस्टची ३ खोकी, चहाचं १ चौकोनी खोकं, जाड पुठ्ठा, रंगीत कागद, सुतळी आणि मैद्याची खळ. (खळीला कीड लागू नये म्हणून काहीजण मोरचूद घालतात. तो विषारी असतो, मुलांच्या कामात अजिबात घालू नका. लागेल तेवढी ताजी खळ शिजवा.)

कृती: टूथपेस्टच्या खोक्यांची वरची बाजू कापा, झाले उघडे डबे. चहाचं खोकं उभं ठेवून इंजिन करा. पुठ्ठ्याची मोठी चाकं कापून चिकटवा. डबे सुतळीनं जोडा. पण सुतळी वीतभराहून लांब नको, गळ्याभोवती अडकण्याची भीती असते. कात्री आपल्या हातात, खळ मुलाच्या हातात! हात बरबटतील, फरशीही बरबटेल. जुनं वर्तमानपत्र पसरून बसा. चिकटवताना “चिकट, चिकट… चिकटलं!” असं म्हणत राहा.

माल म्हणून कांदा, बटाटा, लिंबू, चमचा भरा. शेंगदाणे, चणे, बटणं, मणी मात्र नकोत. या वयात सगळं तोंडात जातं आणि घशात अडकतं.

खेळायचं कसं?

आमच्या घरात ४ स्टेशनं आहेत: देवघर, स्वयंपाकघर, मोरी आणि आजीची खाट. गाडी प्रत्येक स्टेशनात थांबते. कांदा स्वयंपाकघरला उतरतो, आजीचा चष्मा खाटेला. खेळाचं खरं मर्म त्या थांबण्यातच आहे.

मी म्हणते, “गाडी आली… गाडी थांबली… आता गाडी…” आणि गप्प बसते. मनातल्या मनात ५ अंक मोजते. त्याच्याकडे बघते, पण ‘सांग, सांग’ म्हणत नाही. सुरुवातीला तो नुसता हात हलवायचा. मी म्हणायची, “हो, सुटली!” आणि गाडी सोडायची. पुढं “तुती” म्हणू लागला, तरी मी “तुती नाही, सुटली म्हण” असं कधी केलं नाही. “हो, गाडी सुटली!” एवढंच. त्याचा शब्द घ्यायचा आणि त्याला आणखी एक जोडून परत द्यायचा. तो “कांदा” म्हणाला की आपण “मोठा कांदा” म्हणायचं.

पाच अंक मोजणं सोपं वाटतं ना? करून बघा. कुकरची शिट्टी होत असते, शाळेला निघायची वेळ झालेली असते. मला तर पहिल्या आठवड्यात तीनच्या पुढं जाता आलं नाही. म्हणून दुपारी सासूबाई आडव्या झाल्या की १५ मिनिटं मी याच कामाला ठेवली.

मोबाइलवर गाडीची गाणी लावून दिली तर काय बिघडलं, असं एका पालकबाईंनी मला विचारलं. त्या गाडीत रंग आहेत, आवाज आहे. पण आपलं मूल बोलेपर्यंत ती गाडी काही थांबत नाही. एवढंच तिचं उणं.

एक कळकळीचं सांगणं

२ वर्षांच्या मुलाला साधारण ५० शब्द यावेत आणि ‘आई ये’, ‘दूध दे’ असे दोन शब्द जोडता यावेत, असा ठोकताळा आहे. मूल पुष्कळच मागं असेल, हाकेला वळत नसेल, किंवा येत असलेले शब्द विसरत असेल, तर ‘बोलेल हळूहळू’ म्हणून वाट बघू नका. कान तपासा, डॉक्टरांना दाखवा. गाडीचा खेळ हे काही औषध नव्हे. माझं मूलही ऐकू येणारं, समजणारं होतं, म्हणून हा खेळ त्याला उपयोगी पडला.

आता तो साडेतीन वर्षांचा आहे. ‘र’ला अजून ‘ल’ म्हणतो आणि अनोळखी माणसांपुढं तोंड उघडत नाही. पण परवा मी घाईघाईनं त्याला शर्ट घालत होते, प्रश्नांवर प्रश्न विचारत होते, तर त्यानं माझ्या तोंडावर हात ठेवला आणि म्हणाला, “आई, थांब. गाडी स्टेशनात आहे. मी बोलतोय ना!”

मी थांबले. काय सांगणार? वर्गाला दहा मिनिटं उशीर झाला.