नवें कर्नेल, जुनें कर्नेल

संगणकाची कळ दाबल्यापासून पडद्यावर अक्षरें उमटेपर्यंत जे कांहीं क्षण जातात, त्यांत पुष्कळ घडामोडी होऊन जातात. लिनक्स प्रणालीचा गाभा, ज्यास कर्नेल म्हणतात, तो डिस्कवर निद्रिस्त असतो. त्यास जागें करण्याचें काम बूटलोडर नांवाच्या छोट्या प्रोग्रॅमकडे असतें. हेलसिंकी येथील विद्यार्थी लिनस टोरवाल्ड्स यानें १९९१ सालीं हें कर्नेल प्रथम जाहीर केलें, आणि तेव्हांपासून त्याच्या नव्या आवृत्त्या निघतच आहेत. प्रत्येक आवृत्तीचा ठावठिकाणा बूटलोडरला कळावा लागतो. घोटाळा होतो तो येथेंच.

पूर्वीं लिलो नांवाचा बूटलोडर प्रचारांत होता. त्यास फाइलींचीं नांवें उमगत नसत. कर्नेल डिस्कच्या कोणत्या जागीं आहे, तेवढेंच तो टिपून ठेवी. कर्नेल बदलून मालक ‘लिलो’ ही आज्ञा द्यावयास विसरला, कीं बिऱ्हाड हललें तरी जुन्याच दारावर थाप मारणाऱ्या पाहुण्यासारखी त्याची गत होई.

पुढें आलेल्या ग्रबला फाइली वाचतां येतात. त्याची यादी ‘ग्रब.सीएफजी’ या फाइलींत असते. ती हातानें दुरुस्त करण्याचा मोह अनेकांस होतो; परंतु तसें न करण्याची ताकीद तिच्या माथ्यावरच लिहिलेली असते. कारण उघड आहे: यादी नव्यानें तयार झाली, कीं मालकाचें लिखाण पुसलें जातें. डेबियन व उबुंटू यांवर बदल ‘/इटीसी/डिफॉल्ट/ग्रब’ या फाइलींत करून मग ‘अपडेट-ग्रब’ ही आज्ञा द्यावी. नवें कर्नेल बसतांना ती बहुधा आपोआपहि चालते.

खरा धोका निराळाच आहे. कर्नेलास मूळ डिस्कपर्यंत पोंचविणारी ‘इनिट्रॅमएफएस’ नांवाची शिदोरी त्याच्या शेजारींच ‘/बूट’मध्यें ठेवलेली असते. तो विभाग लहान असून भरून गेला असेल, तर शिदोरी अर्धवट राहते व नवें कर्नेल वाटेंतच थांबतें. अशा वेळीं यादींतलें जुनें कर्नेलच यंत्र चालू करतें. म्हणूनच फेडोरा मुळांत तीन कर्नेलें राखून ठेवतें. आर्च लिनक्सवर मात्र नवें येतांच जुनें जातें. तेथील सावध माणसें ‘एलटीएस’ हें दुसरें कर्नेल जवळ बाळगतात. जागा मोकळी करण्याच्या घाईंत जुनें कर्नेल काढून टाकणाऱ्यानें आधीं संगणक नव्यावर सुरू करून पाहावा, आणि ‘यूनेम -आर’ या आज्ञेनें चालू आवृत्तीची खात्री करून घ्यावी.