भूकंपाची महत्ता

भूकंपाची महत्ता म्हणजे भूकंपाच्या उगमस्थानी झालेल्या हालचालीचे आणि तेथून बाहेर पडलेल्या ऊर्जेचे मान दर्शविणारी संख्या होय. ही संख्या भूकंपमापक यंत्रांच्या नोंदींवरून गणिताने काढली जाते. महत्तेची मापनश्रेणी लॉगरिथमवर आधारलेली असल्यामुळे तिच्यातील १ चा फरक हा कंपनांच्या आकारात १० पट आणि ऊर्जेत सुमारे ३२ पट फरक दर्शवितो. या लेखात महत्तेचे गणित व त्यासाठी वापरले जाणारे आलेख महाराष्ट्र आणि परिसरातील भूकंपांच्या आधारे स्पष्ट केले आहेत. अंतराच्या उदाहरणांसाठी नागपूर जिल्ह्यातील नरखेड तालुका हे निरीक्षणस्थान मानले आहे.

## महत्ता आणि तीव्रता

वृत्तपत्रांतून 'महत्ता' या अर्थाने अनेकदा 'तीव्रता' हा शब्द वापरला जातो. शास्त्रीय परिभाषेत मात्र या दोन संज्ञा भिन्न आहेत. महत्ता ही संपूर्ण भूकंपाची एकच संख्या असते. तीव्रता ही एखाद्या विशिष्ट ठिकाणी जाणवलेल्या हादऱ्याची व झालेल्या हानीची पातळी असते; त्यामुळे ती गावागणिक बदलते. तीव्रतेसाठी मर्काली किंवा एम.एस.के. या १ ते १२ पातळ्यांच्या श्रेणी वापरतात. दिव्याची उपमा घेतल्यास महत्ता म्हणजे दिव्याची शक्ती, तर तीव्रता म्हणजे दिव्यापासून ठराविक अंतरावर पडणारा उजेड.

महत्तेच्या श्रेणीला १० ही कमाल मर्यादा आहे, हा समज चुकीचा आहे. गणिताने या श्रेणीला वरची मर्यादा नाही. प्रत्यक्षात खडकांची ताकद आणि प्रस्तरभंगांची लांबी यांमुळे मर्यादा पडते. अत्यंत लहान भूकंपांची महत्ता शून्य किंवा ऋणही असू शकते.

## भूकंपालेख व अंतराचे गणित

भूकंपमापक यंत्राने काढलेल्या आलेखास भूकंपालेख म्हणतात. त्याच्या आडव्या अक्षावर वेळ आणि उभ्या अक्षावर जमिनीची हालचाल दाखविलेली असते. आलेखावर प्रथम वेगवान प्राथमिक तरंग उमटतात, त्यानंतर अधिक मोठ्या आकाराचे दुय्यम तरंग येतात. भूकवचात प्राथमिक तरंगांचा वेग सेकंदाला सुमारे ६ किमी आणि दुय्यम तरंगांचा सुमारे ३.५ किमी असतो. त्यामुळे अंतर वाढेल तशी दोहोंच्या आगमनातील तफावत वाढत जाते.

वरील वेग धरल्यास तफावतीच्या प्रत्येक सेकंदामागे सुमारे ८ किमी अंतर येते. तफावत ३० सेकंद असल्यास भूकंपाचे ठिकाण ३० × ८ = २४० किमी दूर असते. नरखेड आणि जबलपूर यांच्यातील सरळ अंतर साधारण इतकेच आहे. मात्र एका केंद्रावरून केवळ अंतर कळते, दिशा निश्चित होत नाही. म्हणून नकाशावर तीन केंद्रांभोवती त्या-त्या अंतराच्या त्रिज्येची वर्तुळे काढतात. ती जेथे एकमेकांना छेदतात तेथे भूकंपाचे अपिकेंद्र असते.

## रिश्टर मापनश्रेणी

कॅलिफोर्नियातील भूकंपांचा अभ्यास करताना चार्ल्स रिश्टर यांनी १९३५ साली ही श्रेणी मांडली. जपानी शास्त्रज्ञ कियू वाडाती यांनी त्यापूर्वी कंपनांचा आकार आणि अंतर यांचे आलेख काढले होते. रिश्टर यांनी तीच पद्धत अवलंबिली. परंतु लहान व मोठ्या भूकंपांच्या कंपनांत इतके अंतर होते की ती एका कागदावर मावत नव्हती. बेनो गुटेनबर्ग यांच्या सूचनेनुसार उभ्या अक्षावर कंपनांचा आकार न घेता त्याचा लॉगरिथम घेण्यात आला. तेव्हा निरनिराळ्या भूकंपांचे वक्र एकमेकांना जवळजवळ समांतर आले. दोन समांतर वक्रांमधील उभे अंतर म्हणजेच त्या भूकंपांच्या महत्तांमधील फरक होय. या संकल्पनेला दिलेले नाव खगोलशास्त्रातील ताऱ्यांच्या प्रतीवरून घेतलेले आहे.

लॉगरिथमची गरज साध्या आलेखावरून लक्षात येते. रिश्टर यांच्या व्याख्येनुसार १०० किमी अंतरावरील वुड-अँडरसन या प्रमाणित यंत्रावर १ मिमी उंचीचे कंपन नोंदले गेले, तर भूकंपाची महत्ता ३ असते. त्याच अंतरावर महत्ता ४ साठी १० मिमी, ५ साठी १०० मिमी आणि ६ साठी १ मीटर उंची आवश्यक ठरते. ८ महत्तेसाठी हीच उंची १०० मीटर भरेल. साध्या आलेखकागदावर मोठा भूकंप मावणार नाही आणि तो मावेल असे प्रमाण घेतल्यास लहान भूकंप अक्षालाच चिकटून दिसतील. लॉगरिथमी अक्षावर मात्र प्रत्येक १० पटीस सारखेच अंतर मिळते.

## गणिती उदाहरण

कॅलिफोर्नियासाठीचे एक सोपे सूत्र पुढीलप्रमाणे आहे:

महत्ता = लॉग (कंपनाची कमाल उंची, मिमी) + ३ × लॉग (अंतर, किमी) − २.९२

येथे लॉग म्हणजे १० या पायाचा लॉगरिथम. समजा, नरखेड येथील एका काल्पनिक प्रमाणित यंत्रावर दोन तरंगांमधील तफावत ३० सेकंद आणि कंपनाची कमाल उंची १० मिमी नोंदली गेली. अंतर २४० किमी येते. २४० चा लॉग २.३८ आणि १० चा लॉग १ आहे.

महत्ता = १ + ३ × २.३८ − २.९२ = ५.२२, म्हणजे सुमारे ५.२.

उंची १०० मिमी असती, तर महत्ता ६.२ आली असती. सूत्रातील दुसरे पद अंतरामुळे झालेली तरंगांची घट भरून काढते. दख्खनच्या पठारासारख्या जुन्या, कठीण खडकांच्या प्रदेशात ही घट कॅलिफोर्नियाच्या तुलनेने कमी असते. त्यामुळे प्रत्येक प्रदेशासाठी सूत्रातील स्थिरांक वेगळे काढावे लागतात.

## ऊर्जेशी संबंध

भूकंपतरंगांद्वारे बाहेर पडणारी ऊर्जा पुढील सूत्राने अंदाजे काढतात:

लॉग (ऊर्जा, ज्यूल) = १.५ × महत्ता + ४.८

महत्ता १ ने वाढल्यास ऊर्जा १० च्या १.५ व्या घाताइतकी, म्हणजे सुमारे ३२ पट वाढते. २ ने वाढल्यास बरोबर १,००० पट वाढते. ६.२ महत्तेसाठी उजवी बाजू १४.१ येते, म्हणजे ऊर्जा सुमारे १.३ × १०¹⁴ ज्यूल. विजेच्या बिलातील भाषेत ही ऊर्जा सुमारे साडेतीन कोटी युनिट होते.

## परिबल महत्ता

रिश्टर यांची मूळ श्रेणी विशिष्ट यंत्र आणि जवळचे भूकंप यांच्यापुरती होती. फार मोठ्या भूकंपांच्या बाबतीत ती अपुरी पडते. भूकंप मोठा झाला तरी यंत्रावरील ठराविक तरंगांची उंची त्या प्रमाणात वाढत नाही. यावर उपाय म्हणून हिरू कानामोरी व टॉमस हँक्स यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात परिबल महत्ता मांडली. सध्या मध्यम व मोठ्या भूकंपांसाठी हेच मान प्रामुख्याने दिले जाते. बातम्यांत मात्र 'रिश्टर स्केल' हा शब्दप्रयोग रूढ राहिला आहे.

भूकंप परिबल = खडकाची दृढता × सरकलेल्या भागाचे क्षेत्रफळ × सरासरी सरक

परिबल महत्ता = (२ ÷ ३) × (लॉग परिबल − ९.१)

उदाहरणार्थ, प्रस्तरभंगाचा १० किमी × १० किमी भाग सरासरी १ मीटर सरकला आणि खडकाची दृढता ३ × १०¹⁰ पास्कल मानली, तर परिबल ३ × १०¹⁸ न्यूटन-मीटर येते. त्याचा लॉग १८.४८ असल्याने महत्ता सुमारे ६.२५ होते.

## महाराष्ट्र व परिसरातील भूकंप

पुढील तक्त्यात चार भूकंपांची तुलना केली आहे. ऊर्जेचे गुणोत्तर वरील सूत्रावरून काढलेले असून अंतरे सरळ रेषेतील व अंदाजे आहेत.

| भूकंप | दिनांक | महत्ता | ऊर्जा (किल्लारी = १) | नरखेडपासून अंतर |
|---|---|---|---|---|
| कोयना | ११ डिसेंबर १९६७ | ६.३ | १.४ | ६७० किमी |
| किल्लारी | ३० सप्टेंबर १९९३ | ६.२ | १ | ४३० किमी |
| जबलपूर | २२ मे १९९७ | ५.८ | ०.२५ | २४० किमी |
| भूज | २६ जानेवारी २००१ | ७.७ | १७८ | ८७० किमी |

कोयनेच्या भूकंपाची महत्ता निरनिराळ्या अभ्यासांत साधारण ६.३ ते ६.५ अशी दिली जाते. हा ०.२ चा फरक किरकोळ वाटला, तरी ऊर्जेच्या दृष्टीने तो दुप्पट आहे.

महत्ता आणि हानी यांचे प्रमाण सरळ नसते, हे किल्लारी व जबलपूर येथील भूकंपांच्या तुलनेतून दिसते. किल्लारीची ऊर्जा जबलपूरच्या केवळ चौपट होती. तरीही जबलपूर परिसरात काही डझन मृत्यू झाले, तर लातूर व तत्कालीन उस्मानाबाद जिल्ह्यांत मृतांची संख्या विविध नोंदींनुसार सुमारे आठ ते दहा हजार होती. दोन्ही भूकंप पहाटेचे होते. फरक होता तो खोलीचा आणि घरांचा. जबलपूरच्या भूकंपाची नाभी सुमारे ३५ किमी खोल होती. किल्लारीची उथळ, वस्तीच्या जवळ होती. किल्लारी परिसरातील बहुसंख्य घरे दगड-मातीच्या जाड भिंतींची आणि वर मातीचा जड थर असलेल्या धाब्याची होती. भिंती ढासळताच छपराचे सर्व वजन झोपलेल्या माणसांवर आले. घराच्या बांधणीचा हा घटक महत्तेच्या कोणत्याही सूत्रात येत नाही.

## गुटेनबर्ग–रिश्टर नियम

एखाद्या प्रदेशातील भूकंपांची संख्या आणि महत्ता यांचा संबंध पुढील सूत्राने व्यक्त होतो:

लॉग (संख्या) = क − ख × महत्ता

येथे 'संख्या' म्हणजे दिलेल्या महत्तेचे किंवा त्याहून मोठे भूकंप. 'क' हा स्थिरांक प्रदेशातील एकूण भूकंपांचे प्रमाण दाखवितो आणि 'ख' हा लहान-मोठ्या भूकंपांचे परस्पर प्रमाण दाखवितो. 'ख' चे मान बहुधा १ च्या आसपास असते. म्हणजे ६ महत्तेच्या एका भूकंपामागे ५ महत्तेचे सुमारे १० आणि ४ महत्तेचे सुमारे १०० भूकंप होतात. लॉगरिथमी आलेखावर हा संबंध उतरत्या सरळ रेषेच्या रूपात दिसतो.

कोयना परिसरात १९६० च्या दशकाच्या आरंभी शिवाजीसागर जलाशय भरू लागल्यापासून लहान-मोठे भूकंप सातत्याने नोंदले गेले असल्याने तेथे अशी रेषा काढता येते. जेथे नोंदी विरळ असतात, तेथे मोजक्या बिंदूंवरून काढलेली रेषा मोठ्या महत्तेपर्यंत वाढविणे धोक्याचे ठरते. शिवाय ही रेषा दीर्घकाळातील सरासरी सांगते. भूकंपाचा दिवस सांगत नाही.

## नरखेड तालुका व भूकंपक्षेत्रे

'भारतीय मानक १८९३' च्या २००२ व २०१६ च्या आवृत्त्यांत देशाची क्षेत्र २ ते क्षेत्र ५ अशी विभागणी केलेली आहे. या नकाशांत नरखेड तालुक्यासह नागपूर जिल्हा क्षेत्र २ मध्ये, म्हणजे सर्वांत कमी धोक्याच्या गटात येतो. क्षेत्र २, ३, ४ व ५ साठी क्षेत्रगुणक अनुक्रमे ०.१०, ०.१६, ०.२४ व ०.३६ आहेत. ०.१० चा अर्थ असा की, तेथील संभाव्य मोठ्या भूकंपात जमिनीचे कमाल त्वरण गुरुत्वत्वरणाच्या सुमारे एक दशांश गृहीत धरले जाते.

कमी धोका म्हणजे धोक्याचा अभाव नव्हे. १९९३ पूर्वीच्या नकाशात किल्लारी त्यावेळच्या सर्वांत सुरक्षित समजल्या जाणाऱ्या क्षेत्र १ मध्ये होते. त्या भूकंपानंतर झालेल्या फेरविचारात क्षेत्र १ रद्द करून क्षेत्र २ मध्ये विलीन करण्यात आले आणि किल्लारी परिसर क्षेत्र ३ मध्ये गेला. जबलपूरचा भूकंप ज्या सोन-नर्मदा पट्ट्यात झाला, तो पट्टाही नरखेडच्या उत्तरेस आहे.

दगड-मातीची घरे अशा भागांत अधिक असुरक्षित असतात. त्यांच्यासाठी 'भारतीय मानक १३८२८' मध्ये उपाय सुचविलेले आहेत. भिंतीच्या दोन्ही थरांना जोडणारे आरपार दगड ठराविक अंतरावर बसविणे, दारे-खिडक्यांच्या वर सर्व भिंतींतून सलग आडवा पट्टा घेणे आणि छपराचे वजन मर्यादित ठेवणे हे त्यांपैकी प्रमुख होत. भूकंपाची महत्ता माणसाच्या हाती नसते. तिच्यामुळे होणारी हानी मात्र अशा उपायांनी कमी करता येते.