दोघं जमले की मीटिंग भरते

मे १९३५. अमेरिकेतल्या ॲक्रन शहरात, एका हॉटेलच्या लॉबीत बिल विल्सन येरझाऱ्या घालत होता. न्यूयॉर्कच्या शेअर बाजारातला माणूस. ज्या सौद्यासाठी आला तो फिसकटला होता. दारू सोडून जेमतेम पाच महिने झालेले. लॉबीच्या एका टोकाला बार, दुसऱ्या टोकाला टेलिफोन आणि गावातल्या चर्चची यादी. त्यानं टेलिफोन उचलला आणि भलतीच विचारणा केली: बोलायला इथला एखादा दारुडा मिळेल का?

त्यातून डॉ. बॉब स्मिथ या सर्जनशी गाठ पडली. पंधरा मिनिटांच्या वर थांबणार नाही असं बजावून आलेले डॉक्टर सहा तास बसले. उपदेश करणारे त्यांना पुष्कळ भेटले होते. हा मात्र स्वतःचंच सांगत होता, आणि स्वतःच्या गरजेपोटी आला होता. १० जूनला डॉक्टरांनी शेवटची दारू घेतली. अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस, म्हणजे ए.ए., त्या दिवसापासून आपलं वय मोजते. भारतात ती १९५७ला आली. आज सुमारे १८० देशांत आहे.

मला थक्क करते ती यातली उलटी चाल. ॲक्रनला येण्याआधीचे पाच महिने बिल इतरांची दारू सोडवायला धडपडत होता. एकाचीही सुटली नाही. पण स्वतः बिल प्यायला नाही, हे त्याच्या बायकोच्या, लोईसच्या, ध्यानात आलं. म्हणजे मदत घेणाऱ्याइतकीच, कदाचित जास्तच, ती करणाऱ्याला लागू पडते! मीटिंगमध्ये नेमकं हेच चालतं. एक जण उठतो, फक्त पहिलं नाव सांगतो, ‘मी मद्यपी आहे’ म्हणतो आणि आपली कहाणी सांगतो. मध्ये कुणी तोंड घालत नाही, सल्ला देत नाही. फी नाही. खर्चापुरते पैसे सभासदच काढतात, बाहेरची देणगी घेत नाहीत. आयुष्यभराची शपथही नाही. फक्त आजचा दिवस प्यायचं नाही. इतक्या साध्या गोष्टीनं काय होणार, असं वाटेल. पण २०२०मध्ये कॉक्रेन या संस्थेनं २७ अभ्यास, दहा हजारांवर माणसं तपासली. दारूपासून पूर्ण दूर राहण्यात ही वाट इतर प्रस्थापित उपचारांच्या तोडीस तोड, बरेचदा सरस ठरली.

आपल्याकडे वारकऱ्यांची तुळशीमाळ घातली की दारू सुटते, हे मराठवाड्यातल्या गावागावात पाहिलेलं आहे. ती माळ साऱ्या गावाला दिसते, तोच तिचा धाक आणि तोच आधार. ए.ए.चा आधार नेमका उलटा, नाव झाकण्यात आहे. म्हणून लातूरच्या माणसाला ओळखीचं कुणी दिसेल अशी धास्ती असेल, तर त्यानं खुशाल नांदेडची मीटिंग धरावी, नांदेडकरानं लातूरची. कुणी पत्ता विचारत नाही. प्रवास जमत नसेल तर ऑनलाइन मीटिंगाही भरतात. घरच्यांसाठी ॲल-ॲनॉन ही वेगळी संघटना १९५१पासून आहे, आणि तिचा उपयोग पिणाऱ्यानं दारू सोडलेली नसतानाही होतो.

एक गोष्ट मात्र जिवाशी खेळणारी. रोज भरपूर पिणाऱ्यानं एकदम दारू तोडली तर हात थरथरतात, फिट येऊ शकते, भ्रम होऊ शकतो. १० जूनच्या सकाळी डॉ. बॉबना ऑपरेशन करायचं होतं. हात स्थिर राहावेत म्हणून खुद्द बिलनं त्यांना बीअर दिली होती. आज त्यासाठी औषधं आहेत. तेव्हा आधी डॉक्टर गाठा: नांदेडला विष्णुपुरीचं डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालय, लातूरला विलासराव देशमुख शासकीय वैद्यकीय विज्ञान संस्था. तिथल्या मानसोपचार विभागात हेही विचारा, ‘ए.ए.ची मीटिंग कुठं भरते?’ जायला संकोच वाटला तर १४४४६ हा केंद्र सरकारचा व्यसनमुक्तीचा मोफत नंबर फिरवा. तालुक्याला मीटिंग नसेल तरी वाट बंद होत नाही, ए.ए.च्या रीतीप्रमाणे दारू सोडू पाहणारे दोघं एकत्र बसले, तरी गट होतो.