कट्टरपणा कशानं वाढतो?

मिरजेला ख्वाजा शमना मीरासाहेबांचा दर्गा आहे. उरुसाला मुसलमान येतात, तसे हिंदूही येतात. अब्दुल करीम खाँसाहेबांसारखे थोर गवई तिथं गायले. वाळवा तालुक्यात गोटखिंडीला तर गणपती मशिदीत बसतो. अशी ही आपली सातारा-सांगलीकडची माणसं.

तरीही २००९ साली मिरजेत एका कमानीवरच्या चित्रावरून दंगल झाली. संचारबंदी लागली. २०२३ साली सातारा जिल्ह्यात पुसेसावळीला मोबाईलवरच्या मजकुरावरून जमाव भडकला. मशिदीवर हल्ला झाला. एक मुसलमान तरुण जिवानिशी गेला.

असं का होतं? आपण नीट समजून घेऊ या.

नमाज पढणं, रोजा धरणं म्हणजे कट्टरपणा नव्हे. ती श्रद्धा झाली. "धर्माचा आमचाच अर्थ खरा, तो सर्वांनी मानलाच पाहिजे, न मानील तो वैरी," असं म्हणणं हा कट्टरपणा.

तो कशानं वाढतो, हे अफगाणिस्तानात दिसलं. १९७९ साली तिथं रशियाची फौज घुसली. लाखो लोक घरदार सोडून पाकिस्तानात गेले. छावणीतल्या पोरांना धड शाळा नव्हती. काही मदरशांत त्यांना भाकरी मिळाली आणि लढाईची शिकवणही मिळाली. बाहेरच्या देशांनी पैसा आणि हत्यारं पुरवली. त्यातूनच तालिबान उभे राहिले. १९९६ साली त्यांनी काबूल घेतलं. २०२१ साली ते पुन्हा सत्तेवर आले आणि मुलींना सहावीनंतर शाळा बंद झाली. म्हणजे पहिला घाव बसला तो मुसलमानांच्याच लेकींवर!

गरिबी, अपमान, भीती आणि अज्ञान हे वाळलेलं गवत. त्यात कुणीतरी आपल्या फायद्यासाठी काडी टाकतो. एका धर्मातला कट्टर माणूस दुसऱ्या धर्मातल्या कट्टराला बळ देतो. दोघंही आपापल्या लोकांना भीती घालतात.

याला तोंड देणारी माणसंही आपल्यातच झाली. हमीद दलवाई मूळचे कोकणातले. १८ एप्रिल १९६६ ला मुंबईत सात मुसलमान बायका त्यांच्यासोबत मोर्चाने निघाल्या. तोंडी तलाक बंद करा, ही त्यांची मागणी. दलवाईंना स्वतःच्या समाजातून कडवा विरोध झाला, पण ते मागे हटले नाहीत. १९७० साली त्यांनी पुण्यात मुस्लिम सत्यशोधक मंडळ काढलं. 'सत्यशोधक' हा शब्द जोतीराव फुल्यांचा. फुल्यांचं मूळ गाव साताऱ्याकडचं कटगुण. पुढे २०१७ साली सर्वोच्च न्यायालयानं एका दमात दिलेला तलाक रद्द ठरवला. सात बायकांनी मागितलेलं मिळायला एक्कावन्न वर्षं लागली.

वाचकहो, आपण आता अक्षरं वाचू लागलो. मोबाईलवर आलेलं भडक लिखाणही आपल्याला वाचता येतं. तेव्हा थांबावं. हे कुणी लिहिलं? खरं कशावरून? यात फायदा कुणाचा? एवढं विचारावं. उत्तर मिळालं नाही, तर ते पुढं धाडू नये. आणि मनात शंका आली, तर शेजारच्या अहमदभाईंना किंवा शंकररावांना सरळ जाऊन विचारावं.